अळंब्यांच्या दिवसांतली हद्द

रशियाच्या दक्षिण याकुतियातलं इयेंग्रा हे एवेंक लोकांचं गाव. रेनडियरचे कळप मात्र दूर तैगाच्या जंगलात असतात, आणि राखणारेही त्यांच्याबरोबर. ऑगस्टअखेरचा तिथला हा एक दिवस.

पहाटे ५.३०. तंबूतली पत्र्याची चूल पेटते. पहिला घास अग्नीला. बाहेर डास-चिलटांसाठी धुरी धुमसत असते. तिच्याभोवती जनावरं दाटीनं उभी. खूर भाजू नयेत म्हणून धुरीभोवती लाकडं रोवलेली.

७.००. बायका धार काढतात. दूध थोडं, पण दाट. पाडसं बांधून ठेवायची, म्हणजे चरायला गेलेल्या आया परततात.

८.३०. मोजणीत काही जनावरं कमी. या दिवसांत अळंबी उगवतात आणि त्यांच्या वेडानं कळप पांगतो. राखणदार निघतो तोही रेनडियरवरच. पाठ नाजूक म्हणून खोगीर खांद्यावर, तोल सावरायला हातात काठी.

११.००. दोन नद्यांमधला डोंगरमाथा. तुझं रान कुठवर, असं विचारलं तर राखणदार नद्यांची नावं सांगेल. कुंपण कुठंच नाही. पलीकडच्या नदीवर दुसरं कुटुंब शिकार करतं. हरवलेलं जनावर शोधायला तिथं खुशाल उतरावं, पण तिथं सेबल या फरच्या प्राण्यासाठी सापळा लावू नये. मांसाची रीत वेगळी. मोठी शिकार झाली की ते वाटायचं, याला ‘निमात’ म्हणतात.

दुपारी १.००. खालचा ओढा गढूळ. वर सोन्यासाठी वाळू धुतात. या भागात १९७४ पासून बैकाल-आमूर रेल्वेचं मोठं बांधकाम झालं, २०१९ मध्ये चीनकडे जाणारी गॅसवाहिनी सुरू झाली. पारंपरिक वापराच्या जमिनींसाठी २००१ चा कायदा आहे, पण तोही नकाशावर ठरीव रेषा मागतो. रेनडियरचं हिवाळी खाणं म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड, वर्षाला काही मिलिमीटर वाढणारं. चरलेलं किंवा जळलेलं कुरण सावरायला दशकं लागतात, म्हणून कळपाला हलावंच लागतं. आज मोकळं दिसणारं रान पडीक नसतं, ते पुढच्या हिवाळ्यांसाठी राखलेलं असतं. ही गोष्ट नकाशावर उतरत नाही आणि मला तोच खरा अन्याय वाटतो.

४.००. घंटेचा आवाज. राखणदार मिठाची पिशवी हलवतो, तशी जनावरं झाडीतून बाहेर येतात.

७.३०. तळावर धुरीत नवी लाकडं. एक मादी अजून आलेली नाही. तिचं पाडस आज सोडलेलं नाही. ते थांबून थांबून हाक देतं आहे, आणि राखणदार पलीकडच्या नदीच्या दिशेनं कान देऊन उभा आहे.