बंदुकीचे जन्मसाल

कवीने बंदुकीवर बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. पण मध्यंतरी अम्मीच्या एका अर्जासाठी तिचे जन्मसाल शोधायची वेळ आली. रेशनकार्डावर एक साल, मतदार ओळखपत्रावर दुसरे, आधारवर तिसरे. अर्ज कचेरीतून परत आला. त्याच सुमारास मी अमेरिकेतल्या एका जुन्या रायफलीची हकिगत वाचत होतो. तिचे साल शोधताना जाणकारांनी जे केले, तेच मला अम्मीसाठी करायचे होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाची माणसे पाहणी करत होती. एका ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल त्यांना दिसली. ऊन-पावसाने लाकूड करडे पडून तडकलेले, नळी गंजलेली, दस्त्याचे टोक मातीत रुतलेले. कुणीतरी झाडाला टेकवून गेला आणि परत आलाच नाही.

ती होती विंचेस्टर कंपनीची लिव्हर ॲक्शन रायफल. पाश्चात्त्य सिनेमांत घोडेस्वारांच्या हातात तुम्ही ती पाहिली असेल. चापाभोवती बोटे घालायची एक लोखंडी कडी असते. ती खाली ढकलली की उडालेल्या काडतुसाचे टरफल बाहेर पडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या लांब नळकांड्यातले नवे काडतूस वर उचलले जाते. कडी परत वर ओढली की काडतूस जागेवर बसते. दर बाराला नव्याने ठासायची गरज नाही. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी काहींकडे अशा रायफली होत्या आणि अमेरिकी घोडदळाकडे एकबारी बंदुका. हे केवळ ऐकीव नाही. १९८३ मध्ये तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी झालेल्या उत्खननात दोन्ही प्रकारची टरफले मिळाली.

अशी बंदूक ओळखायची कशी? आधी अंगाठेवण पाहायची. विंचेस्टरच्या १८६६ च्या नमुन्याची मधली चौकट पितळी रंगाची, म्हणून लोक तिला ‘यलो बॉय’ म्हणत. १८७३ च्या नमुन्याची चौकट लोखंडाची, पुढे पोलादाची. तिच्या दोन्ही बाजूंना काढता येणाऱ्या पट्ट्या आणि वर सरकते झाकण. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९२ आणि १८९४ च्या नमुन्यांत या बाजूच्या पट्ट्या नाहीत. नेवाडातल्या रायफलीवर तर ‘मॉडेल १८७३’ ही अक्षरे अजून वाचता येत होती.

पण इथेच नवखा माणूस फसतो. मॉडेलचे साल म्हणजे बनावटीचे साल नव्हे. १८७३ चा नमुना विसाव्या शतकातही बनत होता. सात लाखांहून अधिक नग निघाले. १८९४ चा नमुना तर न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद होईपर्यंत चालू होता. दुसरा चकवा नळीवर असतो. १८७३ च्या अनेक रायफलींच्या नळीवर १८६६ आणि १८६० अशा तारखा कोरलेल्या आहेत. त्या पेटंटच्या तारखा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पहिल्या आवृत्तीचे साल असते, म्हणून हातातली पाचवी आवृत्ती त्या सालची ठरत नाही, तसेच हे.

खरा धागा असतो क्रमांकाचा. १८७३ च्या नमुन्यात तो चापामागे, दस्त्याच्या मानेखालच्या पट्टीवर असतो. कारखान्याच्या जुन्या वह्यांपैकी ज्या उरल्या, त्या वायोमिंगमधल्या कोडी गावी, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात आहेत. नेवाडातल्या रायफलीचा क्रमांक तिथे जुळला. ती १८८२ साली बनून गोदामातून बाहेर पडली होती. तेव्हा अशा रायफलीची किंमत सुमारे पंचवीस डॉलर होती. क्रमांकावरून साल सांगणारी छापील कोष्टकेही मिळतात, पण वह्यांशी ताडून पाहता त्यांत कधी कधी काही वर्षांचा फरक निघतो. म्हणून कोष्टकापेक्षा मूळ नोंद मोलाची.

अमेरिकेत हा फरक कायद्यालाही महत्त्वाचा. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू, त्यानंतरची साधे हत्यार. आपल्याकडे मात्र नुसते जुनेपण पुरत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. तेव्हा वाड्याच्या माळ्यावर काही सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. ते भरलेले असू शकते. आणि घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नये. गंजाबरोबर अक्षरेही जातात.

कोडीला रायफलीचे जतन झाले. तिथल्या रुग्णालयात तिची क्ष-किरण तपासणी केली. नळीत काडतूस नव्हते, पण दस्त्याच्या पोकळीत एक निघाले. ते १८८७ ते १९११ या काळात बनणाऱ्या प्रकारचे होते. म्हणजे रायफल १८८२ ची असली, तरी १८८७ च्या आधी ती झाडापाशी सोडलेली असणे शक्य नाही. ‘या आधी नाही’ आणि ‘या नंतर नाही’ अशा दोन खुंट्या ठोकायच्या आणि मधली जागा अरुंद करत न्यायची, हीच सारी विद्या.

मी अम्मीसाठी तेच केले. अम्मी मराठवाड्यातली. ती सांगते, पोलीस ॲक्शनच्या वेळी आजीने तिला पदराखाली घेऊन रात्र काढली. ती पाळण्यातली होती. ही झाली सप्टेंबर १९४८ ची खुंटी. दुसरी सापडली नानांच्या एका जुन्या पुस्तकात. आतल्या कोऱ्या पानावर मोठ्या मामूच्या जन्माची नोंद होती, हिजरी १३६५. म्हणजे १९४६ च्या आसपास. अम्मी मामूच्या पाठची. तेव्हा तिचा जन्म १९४७ किंवा १९४८ चा. तीन कागदांपैकी एकावरच १९४७ आहे. बाकीची दोन साले कुणा कारकुनाने अंदाजाने टाकलेली. आता प्रतिज्ञापत्र केले आहे.

रायफलीचे साल वहीत पक्के आहे. पण ती कोणाकडे गेली, याची नोंद तिथे नाही. ती कुणाची होती, तो का परतला नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही. अम्मीचे उलटे आहे. साल मी पुराव्याने सिद्ध केल्याचे तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ती हसली. म्हणाली, “मी तुझ्या मामूच्या पाठची, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तेवढं लिहून दिलं असतं तर नसतं का चाललं?”