आश्विनातला बाजार आणि पाण्याचा हिशेब

दसरा आठ दिवसांवर आला होता. तालुक्याच्या गावी भरणाऱ्या आठवडे बाजारात आठवी-नववीच्या तीस मुलामुलींना घेऊन गेलो होतो. प्रत्येकाजवळ वही, पेन्सिल आणि एकच प्रश्न दिला होता : आज बाजारात जे दिसते आहे, ते याच दिवसांत का दिसते?

मुलांनी भराभर यादी केली. सीताफळे, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, रताळी, पेरू, लाल भोपळे, उकडलेले शिंगाडे, झेंडूचे ढीग. रस्त्याच्या कडेला नव्या सोयाबीनची पोती घेऊन आलेले ट्रॅक्टर. परतताना नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, काल आमच्या अण्णांच्या सोयाबीनला ओल आहे म्हणून क्विंटलमागे दहा किलो कडता लावला. तो बरोबर होता का?"

त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढचा आठवडाभर वर्गात आम्ही त्याच प्रश्नाच्या मागे होतो. उत्तर शोधताना लक्षात आले, की यादीतल्या बहुतेक वस्तूंची गोष्ट शेवटी पाण्याचीच गोष्ट आहे.

पाऊस परततो तेव्हा

नैर्ऋत्य मोसमी वारे सप्टेंबरच्या मध्यानंतर वायव्य राजस्थानातून माघार घेऊ लागतात. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे आश्विन महिना हा पाऊस असण्याचा आणि नसण्याचा सांधा. जमिनीत ओल भरपूर, आकाश निरभ्र, ऊन कडक. दिवसा अंगाची काहिली होते ती यामुळेच. रात्री मात्र ढगांचे पांघरूण नसल्याने जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते, तिच्यालगतची दमट हवा गार होते आणि पहाटे पिकांवर दव पडते.

खरिपाचे पीक पावसाळ्यात वाढते आणि या सांध्यावर पक्व होते. पक्व होण्याचा एक मोठा भाग म्हणजे पाणी सोडणे. पण हवेत दव आणि परतीच्या पावसाच्या सरी असताना ते सुटायचे कसे? शेतकऱ्याची या दिवसांतली सगळी धावपळ याच पेचातून येते.

सीताफळाचे डोळे

आधी फळांकडे वळू. सीताफळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. पण बालाघाटच्या डोंगरांत ते असे रुजले, की बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्या पावसाबरोबर झाडाला फुले येतात आणि पुढे साधारण चार महिन्यांनी फळ तयार होते. म्हणून ते दसऱ्याच्या सुमारास बाजारात येते.

या फळाच्या अंगावरचे 'डोळे' मुलांना नीट पाहायला सांगा. एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात आणि ते सर्व मिळून एक फळ बनते. वरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्त्रीकेसर. फुलातले स्त्रीकेसर आधी पक्व होतात, पराग नंतर सुटतात. त्यामुळे दुसऱ्या फुलावरून पराग आणणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांवर झाडाची मदार असते. परागण अर्धवट झाले, तर फळ एका बाजूने वेडेवाकडे राहते. वर्गात असे एक फळ आणि एक गोल फळ फोडून बिया मोजून पाहा. बहुधा वेड्यावाकड्या फळात बिया कमी भरतील.

फळ वाढत असताना डोळ्यांमधली जागा फाकते आणि पिवळसर-पांढरी दिसू लागते. 'डोळे उघडले' असे म्हणून शेतकरी फळ उतरवतो, ते याच खुणेवर. उतरवल्यानंतर फळ इथिलीन हा वायू तयार करते, श्वसन वेगाने वाढते, पिष्टाची साखर होते आणि दोन-चार दिवसांत फळ मऊ पडते. म्हणून सीताफळ साठवून भावाची वाट पाहता येत नाही. शीतकपाटात ठेवावे, तर थंडीने साल काळी पडते. विकणाऱ्याजवळ वेळच नसतो, हे त्याच्या भावावरून घासाघीस करताना आपण लक्षात ठेवायला हवे. एक सावधगिरीची सूचना : सीताफळाच्या बिया विषारी असतात. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. बियांचे प्रयोग मुलांना करू देऊ नका.

रताळे आणि झेंडू

नवरात्राच्या उपासामुळे रताळ्याला मागणी असते. रताळे आणि बटाटा शेजारी ठेवून मुलांना फरक विचारा. बटाट्यावर डोळे ठरावीक रचनेत असतात, कारण तो खोडाचा भाग आहे. रताळ्यावर तशी रचना नसते, कारण ते मूळ आहे. रताळे उकडल्यावर गोड का होते? त्यात पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करणारे विकर असते. सुमारे ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते जोमाने काम करते. त्यापेक्षा फार तापले की निकामी होते. चुलीच्या गरम राखेत रताळे सावकाश तापते, विकराला भरपूर वेळ मिळतो आणि शिवाय पाणीही उडून जाते. राखेत भाजलेल्या रताळ्याची गोडी इथून येते.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथेही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला याच फुलांच्या राशी लागतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो प्रत्यक्षात शेकडो पुष्पकांचा गुच्छ असतो. दिवस लहान होऊ लागले, की झेंडूच्या फुलण्याला गती मिळते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर तो बारा तासांवर येतो. तरी दसऱ्याला नेमका ढीग लागतो तो शेतकऱ्याने लागवडीची तारीख मागे मोजून धरली म्हणून. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेला ढीग रस्त्यावर टाकावा लागतो, कारण तोडलेले फूल पाणी गमावत राहते.

शेंगेतला ओलावा

भुईमुगाचे फूल जमिनीवर येते, शेंग मात्र जमिनीत. फलधारणेनंतर फुलाच्या तळाशी असलेला भाग लांब होतो, खाली वाकतो आणि मातीत घुसतो. शेतकरी याला 'आऱ्या सुटणे' म्हणतात. पिकाला मातीची भर देतात, ती या आऱ्यांना मऊ माती मिळावी म्हणून. काढणीच्या वेळी शेंग ओली असते. तशी ती उकडून खायला उत्तम, साठवायला मात्र धोक्याची.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीने तयार केलेले विष सापडले. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवरून त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन यकृताच्या आजाराने शंभरावर माणसे दगावली. हे विष शिजवून किंवा भाजून पुरते नाहीसे होत नाही. बुरशीचे दाणे जनावरांना घातले, तर ते दुधातही उतरते.

यावरचा उपाय साधा आहे : शेंगा वेळेत वाळवणे. दाण्यातले पाणी आठ-नऊ टक्क्यांच्या खाली गेले, की बुरशीला वाढता येत नाही. फुटक्या, काळ्या पडलेल्या, बुरशीच्या शेंगा वेगळ्या काढून टाकाव्यात. 'थोड्याशा आहेत, जाऊ दे' असे म्हणू नये.

वर्गासाठी प्रयोग असा : अर्धा किलो ओल्या शेंगा उन्हात पसरा. रोज ठरल्या वेळी वजन करा आणि आलेख काढा. आधी वजन झपाट्याने उतरेल, मग रेषा आडवी होत जाईल. सुटे पाणी लवकर जाते, दाण्याने धरून ठेवलेले पाणी उशिरा. शेवटी दाण्यातला ओलावा आणि हवेतला ओलावा यांचा समतोल होतो. पावसाळी दिवस आला, तर वजन पुन्हा किंचित वाढलेलेही दिसेल. धान्य हवेतून पाणी घेते, हे पुस्तकातले वाक्य मुलांना तराजूवर दिसते.

सोयाबीनचा कडता

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. हमीभावाने खरेदी करताना सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. (२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.) ओल्या दाण्याला भाव कमी, हे तत्त्व चुकीचे नाही. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओल जास्त असली की श्वसन वाढते, पोते आतून तापते, बुरशी येते. घेणाऱ्याला पाण्याचे पैसे मोजावे लागू नयेत, हेही खरे. प्रश्न एवढाच, की वजा किती करायचे?

तिच्या अण्णांच्या पट्टीवर ओलावा १८ टक्के लिहिलेला होता. वर्गात विचारले, तर बहुतेकांनी लगेच सांगितले : १८ वजा १२, म्हणजे सहा किलो. हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे समजणे म्हणजेच टक्केवारी समजणे.

१०० किलो दाण्यात १८ किलो पाणी आणि ८२ किलो कोरडा भाग. वाळवल्यावर कोरडा भाग बदलत नाही, ८२ किलोच राहतो. फक्त आता तो एकूण वजनाच्या ८८ टक्के असला पाहिजे. म्हणून नवे वजन ८२ भागिले ०.८८, म्हणजे ९३.१८ किलो. उडून जाणारे पाणी ६.८२ किलो. सूत्र असे :

वाळल्यावरचे वजन = आताचे वजन × (१०० − ओलावा) ÷ (१०० − १२)

ओलावा १४ टक्के असेल, तर क्विंटलमागे २.२७ किलो पाणी जाते. १६ टक्के असेल, तर ४.५५ किलो. हा तक्ता मुलांनी १३ ते २० टक्क्यांपर्यंत स्वतः तयार करावा.

म्हणजे शास्त्राप्रमाणे वजा व्हायला हवे होते ६.८ किलो, झाले दहा. क्विंटलमागे ३.१८ किलोचा फरक. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये धरला, तर हा फरक १६९ रुपये होतो. वीस क्विंटल माल असेल, तर सुमारे ३,४०० रुपये. वाळवण्याची मजुरी आणि जोखीम यांपोटी काही कापले, असे व्यापारी म्हणू शकतो. पण मग ते तसे सांगून कापावे, पाण्याच्या नावाखाली नव्हे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'टक्क्याला एक किलो' या हिशेबाने कोणी सहाच किलो कापले, तर त्याने शास्त्रापेक्षा थोडे कमीच कापलेले असते. हिशेब कुणाच्या बाजूने निघेल हे आधी ठरवून मांडायचा नसतो.

आकडा आला कुठून?

१८ टक्के हा आकडा तरी बरोबर होता का? ओलावा मोजणारे यंत्र दाण्यांचे विद्युत गुणधर्म तपासते. पाणी वाढले की ते बदलतात. पण धान्याचे तापमान बदलले तरी आकडा बदलतो, आणि यंत्र दुसऱ्याच धान्यासाठी लावलेले असेल तर तो चुकतो. नमुना दवाने भिजलेल्या वरच्या थरातला की पोत्याच्या मधला, यानेही फरक पडतो. म्हणून विचारण्याचे प्रश्न तीन : नमुना कुठून घेतला? यंत्र सोयाबीनवर लावले आहे का? दोन-तीन वेळा मोजून सरासरी घेतली का?

घरच्या घरी अंदाज घेण्याची एक युक्ती आहे. पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्या. तिच्यात एक तृतीयांश दाणे आणि दोन-तीन चमचे चांगले वाळवलेले मीठ घाला. बूच लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटे राहिले, तर त्याच्या खाली. ही पद्धत नेमका आकडा देत नाही. पण माल ट्रॅक्टरमध्ये भरावा की आणखी दोन दिवस ताडपत्रीवर वाळवावा, हे ठरवायला ती पुरते.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मुलांनी आपापल्या घरच्या दाण्यांवर ही चाचणी करून पाहिली. अकरा बाटल्यांपैकी सात बाटल्यांत मीठ काचेला चिकटले. त्या मुलीने कडत्याचा तक्ता एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि घरी नेला. गेलेले पैसे त्याने परत आले नाहीत. घरात अजून आठ पोती होती, ती तिच्या अण्णांनी तीन दिवस उन्हात घातली आणि मग बाजारात नेली. निघताना पुठ्ठा सोबत घेतला होता.