बाजारापुरती गुजराती



नंदुरबार, धुळे आणि पालघर या जिल्ह्यांना लागून गुजरात आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. आपल्याकडची कितीतरी माणसे ऊसतोडीला बारडोलीच्या बाजूला जातात. खानदेशातली कितीतरी कुटुंबे सुरतेत राहून पोट भरतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. पण माणसांचे जाणे-येणे काही थांबले नाही. तिकडे गेले म्हणजे तिकडच्या हाटात तेल-मीठ घ्यावे लागते. कधी आपला माल विकायलाही बसावे लागते.

कुणी म्हणेल, हिंदीवर भागते की! भागते, बरं का. पण भाव ठरताना गडबड होते, आणि तिथेच आपला पैसा जातो. म्हणून आम्ही सांगतो, सगळी गुजराती नंतर शिका. आधी आकडे शिका.

आधी आकडे

एक, बे, त्रण, चार, पांच, छ, सात, आठ, नव, दस.

यात अवघड काय आहे? 'बे' तर आपल्या पाढ्यातच आहे. बे एके बे, बे दुणे चार. 'त्रण' म्हणजे तीन आणि 'छ' म्हणजे सहा, एवढे दोन नवे शब्द लक्षात ठेवायचे.

आता दहादहाने मोजू. वीस, त्रीस, चालीस, पचास, साठ, सित्तेर, एंसी, नेवुं, सो.

इथे एक मोठा खड्डा आहे. नीट वाचा.

गुजरातीत 'सत्तर' म्हणजे सतरा.
गुजरातीत 'सित्तेर' म्हणजे सत्तर.

समजा, आपण टोपलीभर टोमॅटो घेऊन बसलो आहोत. गिऱ्हाईक म्हणाले, "किलोना सत्तर आपीश." आपल्याला वाटले, किलोला ७० रुपये देतो. आपण खुशीने दहा किलो तोलून दिले. मनात हिशेब ७०० रुपयांचा. हातात आले १७०! मग भांडण. आपण म्हणतो, यानं फसवलं. तो म्हणतो, ही बाई बोललेला भाव फिरवते. खरे पाहता दोघेही प्रामाणिक आहेत. एका शब्दाने दोघांत भांडण लावले. म्हणून 'सत्तर' ऐकले की माल देण्याआधी बोटांनी दाखवून विचारा, "दस ने सात?" म्हणजे दहा आणि सात का? पुढचा माणूस लगेच खुलासा करील.

पाव, दीड, अडीच

पोणो म्हणजे पाऊण. सवा म्हणजे सव्वा. दोढ म्हणजे दीड. अढी म्हणजे अडीच.

'अढीसो ग्राम' म्हणजे २५० ग्रॅम, आपला पाव किलो. 'पांचसो ग्राम' म्हणजे अर्धा किलो. भाजीबाजारात हे दोन शब्द पुष्कळ लागतात.

मण म्हणजे किती?

शेतकरी बंधूंनी हे पक्के ध्यानात ठेवावे. आपल्या बाजार समितीत भाव क्विंटलवर, म्हणजे १०० किलोवर बोलतात. गुजरातेत तो पुष्कळदा मणावर बोलतात, आणि तिथला मण २० किलोचा असतो. आपल्या जुन्या माणसांच्या डोक्यात चाळीस शेरांचा मण असतो. तो हिशेब तिथे चालायचा नाही.

पाच मण म्हणजे एक क्विंटल. समजा, व्यापारी म्हणाला, कापसाचे मणाला 'चौदसो'. म्हणजे १४०० रुपये. त्याला पाचाने गुणा. क्विंटलला ७००० रुपये झाले. आता घरच्या बाजारातल्या भावाशी ताडून पाहा. गाडीभाडे वजा करा. मगच हो म्हणा.

विचारायचे कसे?

शुं भाव? — काय भाव?
किलोना केटला? — किलोचे किती?
बहु मोंघुं छे. — फार महाग आहे.
कंईक ओछुं करो. — काही कमी करा.
बराबर तोलजो. — नीट तोला.
पैसा पाछा आपो. — पैसे परत द्या.
नथी जोईतुं. — नको.
फरीथी कहो. — पुन्हा सांगा.
लखी आपो. — लिहून द्या.

शेवटचे वाक्य साक्षर माणसाचे आहे. शब्द कळला नाही तर भाव कागदावर मागायचा. आपल्याला आता आकडे वाचता येतात. मग लाजायचे कशाला?

तिकडे पुरुषाला 'भाई' आणि बाईला 'बहेन' म्हणतात. वडीलधाऱ्याला 'काका' म्हणावे. आपले 'द्या' म्हणजे तिकडचे 'आपो'. निघताना 'आवजो' म्हणावे, म्हणजे 'या बरं का'. गोड बोलणाऱ्याला दुकानदार दोन पैसे कमी करतो, हे इथे तसे तिथेही.

आता हे बोलणे मोठ्याने वाचा.

बाई : भाई, डुंगळी शुं भाव? (कांदा काय भाव?)
दुकानदार : किलोना पांत्रीस, बहेन. (किलोचे ३५, ताई.)
बाई : बहु मोंघी छे. कंईक ओछुं करो.
दुकानदार : सारुं, त्रीस आपजो. केटली आपुं? (बरं, ३० द्या. किती देऊ?)
बाई : अढी किलो आपो. बराबर तोलजो.
दुकानदार : लो, पंचोतेर रूपिया थया. (घ्या, ७५ रुपये झाले.)
बाई : आ लो सो. पचीस पाछा आपो. (हे घ्या शंभर. २५ परत द्या.)

पाहा, बाईने हिशेब मनात आधीच केला होता. म्हणून किती परत घ्यायचे ते तिनेच सांगितले.

ओळखीचे शब्द, निराळा अर्थ

आपण 'भाजी' म्हणतो ती सगळीच. तिकडे 'भाजी' म्हणजे बहुतेक पालेभाजी. वांगी, भेंडी हवी तर 'शाक' म्हणावे. आपले मीठ तिकडे 'मीठुं', पण गोड वस्तूलाही 'मीठुं' म्हणतात. 'चोखा' म्हणजे तांदूळ. 'लोट' म्हणजे पीठ. 'खांड' म्हणजे साखर. 'बटाका' म्हणजे बटाटा.

पाटी वाचताना

गुजराती अक्षरांवर आपल्यासारखी रेघ नसते. ग, म, न, र, व, त, प ही अक्षरे रेघ काढून टाकली की बरीचशी आपलीच वाटतात. क, ज, ब, ल यांची रूपे मात्र निराळी आहेत. आकडे बहुतेक आपल्यासारखेच. नऊचा आकडा तेवढा वेगळा दिसतो. तो कुणाला तरी विचारून एकदा पाहून ठेवावा.

सराव

१. दुकानदार म्हणाला, "सित्तेर." किती रुपये द्याल?
२. 'दोढ किलो बटाका' म्हणजे किती बटाटे?
३. मणाला १२०० रुपये भाव असेल, तर क्विंटलला किती?

उत्तरे वहीत लिहा. मग शेजाऱ्याला दुकानदार करा, आपण गिऱ्हाईक व्हा, आणि आजचा बाजार घरच्या ओट्यावरच करून पाहा.