डुकरिणी उलटतात, विकला जातो नर

पावसाळा सुरू होतो, हवा गार पडते आणि नेमक्या तेव्हाच नराकडून भरवलेल्या डुकरिणी एकामागून एक उलटू लागतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. उन्हाळा तर सरला, मग कारण काय? ‘नरच बाद झाला’ असा निकाल लागतो आणि त्याला बाजार दाखवला जातो. पुष्कळदा खरा दोषी मे महिन्यात तापलेला शेडचा पत्रा असतो. शुक्राणू तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे उष्म्याने बिघडलेले वीर्य ऊन ओसरल्यावरही कित्येक आठवडे खालावलेलेच राहते. नराला गारव्यात ठेवून दीड-दोन महिने थांबले, तर तो बहुधा पूर्वपदावर येतो. पण तेवढा धीर कोण धरतो?

‘चिखलात लोळणाऱ्या जनावराला शेड कशाला हवी?’ हा समज याच्याच मुळाशी आहे. डुकराला अंग गार होण्याइतका घाम येत नाही, म्हणून ते लोळते. घाणीची हौस म्हणून नव्हे. जागा पुरेशी असेल तर झोपायची आणि हगायची जागा ते स्वतःच वेगळी ठेवते. मोठ्या डुकराला 18 ते 20 अंश तापमान मानवते आणि विदर्भात पारा 45 वर जातो. अशा वेळी उंच छप्पर, पत्र्यावर पेंढा, पाण्याचा फवारा आणि पहाटे भरवणे याला पर्याय नाही. भरवल्यावर मादीला पहिला महिना जपावे लागते. गर्भ रुजण्याच्या त्या दिवसांत उष्मा सोसला, तर काही गर्भ जिरतात आणि विताला पिल्ले कमी येतात.

त्याच महिन्यात भांडणेही घातक. अनोळखी माद्या एकत्र सोडल्या की वरचढपणासाठी झुंजतात. म्हणून कळप जुळवायचा तो भरवण्याआधी, नाहीतर थेट महिन्यानंतर. यावरून ‘एकेकीला पिंजऱ्यात कोंडलेलेच बरे’ असे काहींना वाटते. ब्रिटनने गाभण माद्यांचे असे पिंजरे 1999 मध्ये बंद केले. युरोपीय संघाने 2013 पासून ते भरवल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांपुरते आणि विण्याआधीच्या आठवड्यापुरतेच ठेवले. व्यवस्था नीट असेल तर कळपातल्या माद्याही तेवढीच पिल्ले देतात.

नराला कायम शेजारी ठेवले की माज लवकर येतो, हे अर्धेच खरे. वयात येणाऱ्या माद्यांना रोज थोडा वेळ प्रौढ नराची भेट घडवली, तर त्याच्या लाळेतल्या गंधाने माज लवकर येतो. चोवीस तास शेजार असला, की माद्यांना त्याची सवय होते. मग माजावरची मादी नर जवळ येताच स्थिर उभी राहण्याची खूण पुसट होते, ती आपल्या नजरेतून सुटते आणि पुढचे 21 दिवस वाया जातात.

माज ओळखला, तरी भरवण्याच्या जागेची फरशी निसरडी असेल, तर भरवणे निम्म्यावरच फसते आणि पाय दुखावतात ते वेगळेच.

सगळ्यात अन्यायाचा समज विण्याच्या वेळचा: ‘ही पिल्ले चिरडते, हिला माया नाही.’ सुमारे 114 दिवस भरत आले, की शेवटच्या दिवशी डुकरीण घरटे करायला धडपडते. कोकणात भाताचा पेंढा मुबलक असतो, तो तिला द्यावा. नवजात पिल्लांना मात्र 32 ते 35 अंशांची ऊब लागते. ऊब नसली की पिल्ले आईला चिकटून झोपतात आणि आई कूस बदलताना अंगाखाली येतात. म्हणून त्यांच्यासाठी आडोसा करून बल्ब लावलेला वेगळा कोपरा हवा. शिवाय भिंतीपासून आणि जमिनीपासून 20-25 सेंटिमीटरवर आडवा पाइप बसवला, की आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लांना निसटायला फट मिळते.