परळ, फलटण आणि चाकणच्या मशीनवरचा हात

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये डाय खाली येताना बोट आत राहिलं, तर कायदा त्याचा हिशेब टक्क्यांत करतो. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, पूर्ण तर्जनीचे १४, करंगळीचे ७. भरपाई त्यावर ठरते. त्या हाताने शर्टाचं बटण कसं लावायचं, डबा कसा उघडायचा, पुन्हा पाना धरता येईल का, हे कायद्याच्या तक्त्यात नसतं. ते शिकवतो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. टाके घातलेल्या हाताला योग्य कोनात स्प्लिंट लावायची, सांधे आखडण्याआधी बोटं हलवायला लावायची आणि मग रोजच्या कामांतूनच पकड परत आणायची.

ही विद्या आपल्याकडे रुजवली ती एका अमेरिकन बाईंनी. एलिझाबेथ लंडी, जन्म १९००, घराणं क्वेकर पंथाचं. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. खरं काम सुरू झालं ते मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांमुळे अमेरिकेत या उपचाराला जोर आला होता. कमलाबाई तिकडे जाऊन तो रीतसर शिकल्या आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्याचं विद्यालय उभं राहिलं. आशियातलं ते पहिलं. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून जागतिक महासंघ स्थापन केला आणि त्या दहांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेल्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हे. १९७९ मध्ये कमलाबाई गेल्या.

घराण्याने पुढे फलटण गाठलं. मुलगा बनबिहारी, सगळ्यांचे बॉन, शेतीशास्त्रज्ञ. १९६८ मध्ये त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, करडईवर काम केलं, २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पत्नी जाई इंग्रजीतल्या कादंबरीकार आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. म्हणजे महर्षी कर्व्यांची नात या घरात सून म्हणून आली. नातींपैकी नंदिनी करडईच्या संशोधनात, चंदा मेंढ्यांच्या. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणण्याचं काम याच संस्थेतलं. धनगरांच्या कळपाला त्याचा उपयोग सांगायला नको! तिसरी नात मंजिरी शिक्षणात रमली. मूळच्या अमेरिकन आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला जी शाळा सुरू केली, तिचं नाव कमला निंबकर बालभवन.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात मात्र कमलाबाईंचं नाव फारसं ऐकू येत नाही. टार्गेट गाठायच्या घाईत प्रेसचा सेन्सर बंद ठेवतात, दोन्ही हातांनी दाबायचं बटण एका हातावर आणतात. बोट जातं ते तिथे. मालकांनी हे आधी थांबवावं. आणि ज्याचा हात सापडला असेल त्याने टाके निघाले म्हणून घरी बसू नये. ईएसआयच्या डॉक्टरांकडे ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी मागावी, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांत. आखडलेला सांधा नंतर फार त्रास देतो.