जाणाऱ्याचीही चौकशी

नवापूरच्या फलाटावर महाराष्ट्र संपून गुजरात लागतो, तिथे कुणी कागद विचारत नाही. सुरत विमानतळावर दुबईला निघताना मात्र पासपोर्टची कसून तपासणी होते. अमेरिकेतून परतताना माझा पासपोर्ट विमान कंपनीनेच पाहिला; सरकारी चौकशी झाली ती तिथे शिरताना. मग आपल्याकडे जाणाऱ्याला का थांबवतात?

कारण दहावी न झालेला, ईसीआर पासपोर्टचा माणूस आखातात नोकरीला निघाला, तर १९८३ च्या कायद्याने त्याला सरकारी परवानगी लागते. मालक, पगार आधी तपासले जावेत, हा हेतू. ‘व्हिजिट व्हिसावर जा, पुढचं बघू’ म्हणणारा एजंट नेमकं हेच कवच काढून घेतो. घरातलं कुणी निघालं असेल, तर पैसे भरण्याआधी पासपोर्टवर ईसीआर आहे का, ते पाहा.