सातारा व सांगली : हवापाणी आणि नगरस्वभाव

जुन्या नगराचा इतिहास लिहितांना आपण सनदा, वंशावळी व लढाया यांस अग्रस्थान देतों; हवापाण्यास फार तर प्रस्तावनेंत चार ओळी मिळतात. हॉलंडांत असें चालत नाहीं. लेडन किंवा डेल्फ्ट या शहरांचा वृत्तांत कालवे व बांध यांवांचून सांगतांच येत नाहीं. लेडनभोंवतालची जमीन कोरडी राखणारें जलमंडळ तेराव्या शतकापासून काम करीत आलें असून त्याचें दप्तर हें त्या प्रांताच्या इतिहासाचें एक मोठें साधन मानलें जातें. कृष्णाखोर्‍यांतील आमच्या दोन राजधान्यांकडे याच दृष्टीनें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पावसाचें मान ध्यानांत घ्यावें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं 5,500 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेंत 50 किलोमीटरांच्या आंत असलेल्या सातार्‍यास तो सुमारें 1,000 वर येतो, आणि सांगलीस 600 च्या आसपास उरतो. एकाच नदीच्या खोर्‍यांतील हा उतार या दोन शहरांच्या स्वभावाच्या मुळाशीं आहे.

सातारा हें किल्ल्याच्या पायथ्याचें शहर. दक्षिणेस अजिंक्यतारा, पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें 700 मीटर, त्यामुळें उन्हाळ्यांतही रात्र सुसह्य होते. 12 जानेवारी 1708 रोजीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक येथें झाला व पुढें किल्ल्याखालीं पेठा वसत गेल्या. परंतु ही जागा निवडली ती गडासाठीं. ज्या गडानें 1699 च्या डिसेंबरपासून 1700 च्या एप्रिलपर्यंत औरंगजेबाचा वेढा सोसला, त्याच्या आश्रयासाठीं. नदीसाठीं नव्हे. कृष्णा व वेण्णा यांचा संगम पूर्वेस माहुलीस, म्हणजे शहरापासून कोसदोन कोसांवर. डोळ्यांसमोर चार महिने पाऊस कोसळावा आणि वैशाखांत घागर रिकामी राहावी, अशी ही स्थिति!

यावर उपाय एकच होता : पश्चिमेच्या डोंगरांतलें पाणी उतारानें शहरांत आणणें. यवतेश्वराच्या बाजूचें पाणी खापरी नळांनीं आलें. प्रतापसिंहमहाराजांच्या कारकीर्दींत (1818–1839) महादर्‍याच्या तळ्याकडे लक्ष पुरविलें गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत थेट कासच्या पठारावरून, सुमारें 25 किलोमीटरांवरून, पाट काढण्यांत आला. मोट नाहीं, रहाट नाहीं. पाणी आपल्या ओघानें हौदांत पडे. मंगळवार तळें व मोती तळें हीं या व्यवस्थेचींच स्मारकें होत. वरून, सरकारच्या हुकुमानें व वांटणीनें येणार्‍या पाण्यावर जगणार्‍या शहराचा स्वभावही कांहींसा दरबारी, सबुरीचा होतो, असें आमचें मत आहे. वाचकांनीं तें तपासून घ्यावें.

सांगलीची गोष्ट उलट. मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें गादी केली, गणेशदुर्ग बांधला, गणपतीचें देवालय उभारलें. येथें पाणी आणावयाचें नव्हतें. तें दाराशींच होतें, आणि केव्हां घरांत शिरेल याचा नेम नव्हता. आकाश निरभ्र असतां पूर यावा हें येथील वैशिष्ट्य आहे. कारण पाणी येथील पावसाचें नसतें. महाबळेश्वर व कोयनेच्या डोंगरांचें असतें. शिवाय शहरालगत हरिपुरास वारणा येऊन मिळते. ती भरून आली म्हणजे कृष्णेचें पाणी पुढें सरत नाहीं, तुंबून मागें फुगतें. 2005 व 2019 सालीं हेंच अनुभवास आलें; 1929 सालच्या आयर्विन पुलाजवळ ऑगस्ट 2019 मध्यें पातळी 57 फुटांवर गेली होती.

तरीही त्याच नदीकांठच्या मातीनें सांगलीस पेठ दिली. हरिपुरच्या चिकण मातींत खोदलेलीं हळदीचीं पेवें आम्हांस किल्ल्याच्या तटाइतकींच महत्त्वाचीं वाटतात. तोंड अरुंद, पोट मोठें. आंत पाला-गवत अंथरून हळद भरावयाची व तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. हवा न मिळाल्यानें कीड जगत नाहीं व माल वर्षानुवर्षें टिकतो. पेव उघडल्यावर कांहीं वेळ तें तसेंच ठेवून दिवा सोडून पाहतात. तो विझला तर माणूस उतरत नाहीं. कमी पाऊस व घट्ट माती यांवांचून हा व्यवहार चालताच ना.

2005 च्या महापुरांत यांतील पुष्कळ पेवें पाण्याखालीं जाऊन निकामी झालीं, व माल गोदामांकडे वळला. सातार्‍याचे खापरी नळही रस्ते खणतांना तुकड्यातुकड्यांनीं निघतात व फेंकले जातात. दोहोंचीं मापें, नकाशे व जाणत्यांच्या तोंडची माहिती घेण्याचें काम कागदपत्रांच्या शोधाइतक्याच तातडीनें हातीं घेतलें पाहिजे. कागद कोणाच्या माळ्यावर तरी सांपडतो, बुजलेलें पेव सांपडत नाहीं.